‘आ’ न म्हणता तोंड उघडा

ऑपरेशन पोटाचे, मग डॉक्टर घसा कशाला पाहतात? हा प्रश्न माझ्या आईने गेल्या मे महिन्यात इंदूरला विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता प्रस्तुत लेख तयार झाला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमाखर्च आणि ताळेबंद हा माझा अभ्यासाचा विषय. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध तापाच्या गोळीपुरताच. तेव्हा या लेखात जे आहे ते एका भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलेले आणि नंतर मी वाचून पडताळून पाहिलेले आहे. कोणाला उपचार शिकवण्याचा आव यात नाही. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी बहीण आहे, वहिनी आहे. तिच्या बाळंतपणाच्या वेळी दारात उभे राहून काळजी करण्यापलीकडेही आपण काही करू शकतो, एवढे पटले तरी लेखाचे सार्थक झाले.

माझी अक्का इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत राहते. होळकरांच्या काळापासून त्या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत, त्यामुळे सीमाभागातून गेलेल्या अक्काला तेथे परके वाटले नाही. पहिले बाळंतपण माहेरी झाले, तेही सिझेरियनने. दुसरे सासरी करायचे ठरले, म्हणून आई आणि मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो. याही वेळी सिझेरियनच करायचे असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. ठरलेल्या दिवसाच्या आधी आठवडाभर तिला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावले. आम्ही तिघी राजवाड्यापुढच्या बागेला वळसा घालून, अहिल्याबाईंच्या पुतळ्याला नमस्कार करून, पायीच त्या प्रसूतिगृहात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला खुर्चीवर ताठ बसवले, स्वतः तिच्यासमोर बसल्या, आणि म्हणाल्या, “तोंड उघडा, होईल तेवढे मोठे. जीभ बाहेर काढा. पण ‘आ’ म्हणू नका.”

अक्काने तोंड उघडले आणि सवयीने “आऽऽ” केलेच.

“पुन्हा. आवाज न काढता.”

आईने मला हळूच विचारले, “पोटाचं ऑपरेशन आहे ना? मग घसा कशाला बघताहेत? हिला टॉन्सिल आहे की काय?” बाईंनी ते ऐकले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजी, पोट सगळेच बघतात. घसा बघायला आम्हीच असतो.”

नळी कशासाठी?

आजकाल बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात. कमरेखालचा भाग बधिर होतो, बाई जागी असते, स्वतःचा श्वास स्वतः घेते. घशाशी काही संबंधच येत नाही. परंतु कधी ते इंजेक्शन पुरेसे लागू पडत नाही. कधी रक्तस्राव एवढा होतो, किंवा बाळाचे ठोके एवढे मंदावतात, की थांबायला वेळ नसतो. अशा वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि श्वास थांबतो. मग घशातून श्वासनलिकेत एक नळी घालून तिच्यातून प्राणवायू द्यावा लागतो. ही नळी घालताना डॉक्टर लॅरिंगोस्कोप नावाच्या उपकरणाने जीभ बाजूला सारून स्वरयंत्राचे तोंड शोधतात. ते दिसले तर काम अर्ध्या मिनिटाचे. न दिसले, तर जी नळी श्वासनलिकेत जायची ती अन्ननलिकेत जाऊ शकते, आणि मग प्रश्न आईच्या व बाळाच्या, दोघांच्या जिवाचा होतो.

म्हणजे ज्या प्रसंगी नळी लागते तो प्रसंग बहुधा घाईचा असतो. आणि घाईच्या वेळी घसा तपासायला सवड नसते. म्हणून तो आधीच तपासून ठेवायचा. इतके साधे हे आहे.

गर्भवतीचा घसा वेगळा का?

आपण म्हणाल, घसा तो घसा; बाळंतिणीचा काय आणि इतरांचा काय! वस्तुतः तसे नाही. १९८७ साली इंग्लंडमधील सॅमसून आणि यंग या दोन डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांतील नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेच्या १३,३८० सर्वसाधारण रुग्णांपैकी ६ जणांना नळी घालता आली नव्हती. प्रसूतीच्या १,९८० रुग्णांपैकी मात्र ७ जणींना. भागाकार करून पाहा: पहिल्या गटात सुमारे २,२३० मध्ये एक, दुसऱ्यात सुमारे २८० मध्ये एक. पुढे २०१५ साली १९७० पासूनच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हाही पूर्ण भूल दिलेल्या दर ३९० प्रसूतिरुग्णांमागे एकीला नळी घालता आली नाही, असे दिसले. मधल्या काळात उपकरणे सुधारली, तरी धोका नाहीसा झालेला नाही.

याची कारणे अशी:

पहिले कारण सूज. गरोदरपणी अंगात पाणी साठते. आपल्याला पायांची सूज दिसते, पण घशाची, जिभेची, स्वरयंत्राची आतली त्वचाही फुगते. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असलेल्या बाईत ही सूज अधिक असते. नाकातील त्वचा तर इतकी नाजूक होते की जरा धक्का लागला तरी रक्त येते. म्हणून नाकातून नळी घालणे शक्यतो टाळतात.

दुसरे कारण प्राणवायूचा हिशेब. येथे माझा विषय उपयोगी पडतो. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसात काही हवा शिल्लक राहते. ती आपली प्रारंभिक शिल्लक होय. गर्भाशयाने पडदा वर ढकलल्यामुळे दिवस भरलेल्या बाईत ही शिल्लक सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. उलट, बाळाचा आणि स्वतःचा मिळून प्राणवायूचा खर्च तेवढाच, किंबहुना अधिक वाढलेला असतो. शिल्लक कमी, खर्च जास्त. श्वास थांबला की असे खाते फार लवकर शून्यावर येते. म्हणून भूल देण्यापूर्वी तोंडावर घट्ट मुखवटा धरून तीनेक मिनिटे शुद्ध प्राणवायू देतात. ती आगाऊ भरलेली ठेव समजावी.

तिसरे कारण पोटातील अन्न. गरोदरपणी जठर व अन्ननलिका यांमधली झडप सैल पडते, आणि कळा सुरू झाल्या की अन्न पुढे सरकत नाही. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींत असे ६६ प्रसंग दाखवून दिले. ऑपरेशनपूर्वी उपाशी राहायला सांगतात ते यासाठी. अक्काच्या सासूबाई “एवढी दूधबिस्किटं तरी खाऊ दे” म्हणत होत्या. त्यांची माया खरी, पण ती या वेळी आवरलेली बरी.

एका मिनिटाची तपासणी

आता ‘आ’ न म्हणण्याचे रहस्य. शेषगिरी राव मल्लंपाटी हे आंध्रात जन्मलेले आणि अमेरिकेत बोस्टनला काम करणारे भूलतज्ज्ञ. त्यांनी १९८५ साली २१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून एक साधी गोष्ट दाखवली. रुग्णाने बसून तोंड पूर्ण उघडले आणि जीभ बाहेर काढली, की मागे काय काय दिसते यावरून नळी घालणे सोपे जाईल की अवघड, याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी तीन वर्ग केले होते. सॅमसून आणि यंग यांनी चौथा जोडला. पहिल्या वर्गात मऊ टाळू, संपूर्ण पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानी दिसतात. दुसऱ्यात कमानी झाकल्या जातात, पडजिभेचा काही भाग दिसतो. तिसऱ्यात मऊ टाळू आणि पडजिभेचे मूळ तेवढे. चौथ्यात फक्त कडक टाळू.

राजवाड्याच्या महाद्वारासमोर उभे राहून आत पाहण्यासारखेच हे आहे. वाट मोकळी असेल तर आतला चौक दिसतो. मध्येच काही आडवे आले तर नुसती दाराची चौकट. येथे आड येते ती जीभ. तोंडाच्या मानाने जीभ मोठी असेल तर मागचे काहीच दिसत नाही. आणि ‘आ’ म्हटले की मऊ टाळू वर उचलला जातो, त्यामुळे जे एरवी दिसले नसते तेही दिसू लागते. तिसऱ्या वर्गाचा घसा क्षणभर दुसऱ्या वर्गाचा भासतो. आपल्या मराठीत ‘आ करा’ म्हणजेच ‘तोंड उघडा’. त्यामुळे मराठी रुग्ण हमखास आवाज काढतो. आमच्याकडच्या दवाखान्यांत येणाऱ्या कितीतरी बायकांना ‘बायि तेगेयिरि’ म्हटलेलेच अधिक चांगले कळते. भाषा कोणतीही असो, तोंड उघडायचे ते मुकाट्याने.

पण घसा पाहून तपासणी संपत नाही. बाईंनी पुढे अक्काला मान मागे टाकायला लावली, कारण मान ताठ असेल तर घसा आणि श्वासनलिका एका रेषेत येत नाहीत. हनुवटी ते कंठमणी हे अंतर मोजले. मान मागे टाकलेली असताना ते साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास वा अधिक असावे. खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवायला सांगितले. त्यावरून खालचा जबडा किती पुढे येतो ते कळते. पुढे आलेले वा हलणारे दात, आखूड मान, मागे गेलेली हनुवटी, वजन, सगळे पाहिले. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे १९९२ साली १,५०० सिझेरियनच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात मल्लंपाटींचा वर्ग, आखूड मान, पुढे आलेले वरचे दात आणि मागे गेलेली हनुवटी ही लक्षणे महत्त्वाची ठरली. आणि एकापेक्षा अधिक लक्षणे एकत्र आली तर अवघडपणा फार वाढतो, असे दिसले.

अक्काची दोन बोटे

शेवटी बाई म्हणाल्या, “आता तुमचीच तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला.”

अक्काची दोनच बोटे गेली. तिसरे जाईना.

बाईंनी तिच्या गालाला आतून बोट लावून पाहिले आणि विचारले, “सुपारी खाता?”

अक्काने मान हलवून नाही म्हटले. सासूबाई घरी होत्या, पण आई शेजारी बसली होती. मी खाली पाहत होते. अक्काला सुगंधी सुपारीच्या पुड्या लागतात हे मला ती बारावीत असल्यापासून ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या आणून देणारी मीच होते, आणि इंदूरला आल्यावरही दोनदा मीच आणून दिल्या होत्या. आता बोलावे तर बहिणीची चहाडी, न बोलावे तर काय होईल हे मला नुकतेच अर्ध्या तासात कळले होते. मी म्हणाले, “खाते. आठ वर्षं झाली. मीच आणून देते.”

आईने माझ्याकडे पाहिले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आले. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर काही लिहिले आणि म्हणाल्या, “हे आज कळलं ते चांगलं झालं. रात्री दोन वाजता कळलं असतं तर मी काय केलं असतं?”

सुपारीने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली घट्ट तंतू तयार होतात. तिखट लागले की आग होते, गाल चामड्यासारखे कडक होतात आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. या रोगाचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचाही धोका असतो. भुलीच्या दृष्टीने मुख्य गोष्ट अशी की, दुखण्याने वा भीतीने मिटलेले तोंड भूल दिल्यावर सैल पडते, पण तंतूंनी जखडलेले तोंड औषधानेही उघडत नाही. गुटखा, मावा, सुपारी ही पुरुषांची व्यसने असे आपण समजतो. बायका खातात त्या लपवून खातात, म्हणून विचारल्यावर नाही म्हणतात.

तरतूद

त्या दिवसानंतर अक्काचे सगळे बेत बदलले. ऑपरेशन शहरातील एका मोठ्या रुग्णालयात, दिवसा, दोन भूलतज्ज्ञ हजर असताना करायचे ठरले. कमरेतील इंजेक्शनच द्यायचे, पण पडद्यावर स्वरयंत्र दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, लहान आकाराच्या नळ्या, आणि रुग्ण जागा असतानाच नळी घालता येईल अशी लवचीक दुर्बीण, सर्व काही हाताशी ठेवायचे. तारखेआधी कळा सुरू झाल्या तर घरी वाट न पाहता तडक निघायचे, आणि पोहोचताच प्रथम तो कागद दाखवायचा.

ठरल्या दिवशी कमरेतील इंजेक्शन व्यवस्थित लागू पडले. अक्काला मुलगी झाली. घशाला कोणी हातही लावला नाही.

घरी आल्यावर अक्काचे यजमान म्हणाले, “म्हणजे एवढा खटाटोप फुकटच की!” यावर मी त्यांना माझ्या पुस्तकातले एक प्रकरण सांगितले. व्यापारी दरवर्षी संशयित कर्जांसाठी नफ्यातून तरतूद बाजूला काढतो. वर्षअखेर सगळे पैसे वसूल झाले म्हणून तरतूद चुकली असे कोणी म्हणत नाही. कोण बुडवील हे आधी ठाऊक नसते, म्हणूनच तरतूद करायची असते.

ही तपासणीही तशीच आहे, आणि तिची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ती भविष्य सांगत नाही. अवघड वाटलेल्या कित्येक घशांत नळी सहज जाते. उलट, सोप्या वाटलेल्या एखाद्या घशात जात नाही. म्हणून नुसत्या एका खुणेवर कोणी विसंबत नाही आणि सोपा घसा असला तरी दुसरा उपाय तयार ठेवतात. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे टन्स्टॉल यांनी १९७६ सालीच, नळी गेली नाही तर पुढे क्रमाने काय करायचे, याचा पाठ घालून दिला होता. आपल्या देशात २०१६ साली अवघड श्वासमार्गाविषयीच्या अखिल भारतीय संघटनेने प्रसूतीच्या रुग्णांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत बसू नये, मध्ये प्राणवायू देत राहावा, वेळीच मदत बोलवावी, हा अशा सर्व सूचनांचा गाभा होय. नळीच्या मागे लागून प्राणवायू विसरला, तर मुद्दल गमावून व्याजाचा हिशेब केल्यासारखे होईल.

एकदा पाहिले म्हणजे झाले नाही

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. हा घसा बदलतो. १९९५ साली २४२ गर्भवतींच्या घशांची छायाचित्रे बाराव्या आणि अडतिसाव्या आठवड्यात घेऊन ताडून पाहिली, तेव्हा चौथ्या वर्गातील बायकांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या अभ्यासात कळांच्या सुरुवातीला आणि शेवटी ६१ बायकांचे घसे पाहिले. त्यांतील २० जणींचा वर्ग एकाने आणि ३ जणींचा दोनाने वाढला होता. म्हणजे सातव्या महिन्यात लिहिलेली नोंद प्रसूतीच्या रात्री जशीच्या तशी खरी धरता येत नाही. जुन्या ताळेबंदावर नवे कर्ज देऊ नये, तसेच हे. कळा लांबल्या आणि मग सिझेरियनचा निर्णय झाला, तर घसा पुन्हा पाहिला पाहिजे.

आपण काय करावे?

वाचकहो, घसा तपासणे हे डॉक्टरांचे काम. आपल्या वाट्याचे काम थोडे आणि साधे आहे. बाळंतपण नैसर्गिक होईल असे वाटत असले तरी, भूलतज्ज्ञांनी एकदा पाहावे, असे आपण आधीच म्हणू शकतो. पूर्वीच्या ऑपरेशनच्या वेळी नळी घालताना त्रास झाला असेल तर तो कागद जपून ठेवावा आणि दाखवावा. हलणारा दात, कवळी, घोरणे, दमा, मानेचे दुखणे, साखर, रक्तदाब, सुपारी, तंबाखू यांपैकी काहीही लपवू नये. ऑपरेशनच्या दिवशी नथ काढावी, नखांचा रंग पुसावा, आणि डोक्यामागे घट्ट अंबाडा बांधू नये. अंबाड्यामुळे उशीवर डोके मागे जात नाही. या साध्या सूचना, पण त्या बायकांना घरच्याच कोणीतरी सांगायच्या असतात.

आणि सांगणाऱ्याने लाजू नये. माझ्या मते तपासणीतला सर्वांत अवघड भाग तोंड उघडण्याचा नाही, खरे बोलण्याचा आहे. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी राजवाड्यासमोरच्या बागेत बसलो होतो. तिने पदराच्या गाठीतून उरलेल्या तीन पुड्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “फेकून ये. आणि पुन्हा मागितल्या तर देऊ नकोस.”

मी उठले आणि त्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. त्यानंतर मी तिला एकही पुडी आणून दिलेली नाही. तिनेही मागितलेली नाही.